स्टँडवर चालवलेली मोटारसायकल

मोटारसायकल आहे मी. जुनी, काळी, शंभर सीसीची. मित्रांनो, तुमच्या शाळेत फाटक्या छत्रीचं, म्हाताऱ्या वडाचं, मोडक्या खुर्चीचं आत्मवृत्त लिहून घेतात. ती सगळी बिचारी शेवटी तुमच्यापुढं काकुळतीला येतात. माझ्याकडून तसली अपेक्षा ठेवू नका. माझा माणसांवर राग आहे आणि तो अजून गेलेला नाही. एका माणसावर तर फारच आहे. त्याचं नाव मनोज. तो भिवंडीजवळ शेलारला राहतो, आणि मी अगदी कोरी असताना त्यानं मला भाजून काढलं.

जन्माचं फार सांगत बसत नाही. पण एक गोष्ट नीट ऐका, कारण ती मोठ्या माणसांनाही ठाऊक नसते. माझ्या पोटात सिलिंडर आहे. त्यात पिस्टन वरखाली पळतो, आणि पिस्टनला कडेनं रिंगा असतात. गाडी नवी असते तेव्हा रिंगा आणि सिलिंडर यांची ओळख झालेली नसते. दोघांच्या अंगावर बारीक खरखर असते. गाडी हळूहळू चालवली की ती खरखर जाते आणि रिंगा सिलिंडरला चपखल बसतात. पहिल्या पाचशे किलोमीटरमध्ये काय ते होतं. एकदा बसलं की गाडी कित्येक वर्षं धूर काढत नाही. बिघडलं तर मात्र पुढं कितीही लाड करा, इंजिन खोलल्याशिवाय गत्यंतर नसतं.

हे सगळं मला ताब्यात देताना शोरूमच्या माणसानं सांगितलं होतं. चाळीसच्या वर नेऊ नका. एकाच वेगात लांबवर ताणू नका, वेग थोडा कमीजास्त ठेवा. चढाला खालचा गिअर टाका, गाडीला रडवू नका. ट्रिपल सीट बसू नका. उभ्या गाडीला रेस देऊ नका. पहिल्या सर्व्हिसला तेल बदला, कारण त्यात झिजलेल्या लोखंडाची पूड असते. बिचारा पाठ केल्यासारखं सांगत होता. मनोज तेव्हा माझ्या हँडलला हार घालून, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवून, फोटो काढून घेण्यात गर्क होता. ऐकत होती ती फक्त तुळजा, त्याची होणारी बायको.

आता तुळजा तिथं कशी, ते सांगते. मला मनोजनं घेतलेलंच नव्हतं. लग्न ठरवताना मनोजच्या आईनं, ठकुबाईनं, मुलीच्या बापाला सांगितलं होतं की आम्हाला काही नको, पोराला फक्त गाडी द्या. काही नको म्हणायचं आणि गाडी मागायची, ही तुम्हा माणसांची रीत मला कधी कळली नाही. तुळजाच्या बापाचं नाव अनंता, दुगाड फाट्याच्या आतल्या गावातला. भिवंडीजवळच्याच पूर्ण्याच्या गोदामात माल चढवतो आणि उतरवतो. त्यानं मला कशी घेतली ते त्यालाच माहीत. शोरूमात तो माझ्याकडं नुसता बघत होता. सीटला हात लावायचीही त्याला चोरी वाटत होती, कारण मी जावयाची होते.

मनोज लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर होता. लूम बिघडला की दुरुस्त करायचा, नवा आला की बसवायचा. कामात वाईट नव्हता. पण आपल्याला एक मशीन कळलं म्हणजे जगातली सगळी मशिनं कळली, असा त्याचा समज होता. लूमवाल्यांची एक पद्धत आहे. नवा लूम बसवला की त्यावर लगेच सुताचा बीम चढवत नाहीत. आधी शिफ्टभर तो रिकामा पळवतात, तेल सोडत राहतात, म्हणजे सगळे भाग मोकळे होतात. लूमसाठी ते बरोबरच आहे.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मनोजनं मला कारखान्याच्या दारात नेलं आणि मेन स्टँडवर उभं केलं. त्या दिवशी लोडशेडिंग होतं. लूम बंद पडलेले, कारागीर बाहेर बिड्या ओढत बसलेले. त्यानं किक मारली, रेस अर्धी पिळली आणि सुताच्या दोऱ्यानं ती तशीच बांधून टाकली. मग म्हणाला, आता शिफ्टभर हिला मोकळी होऊ दे. कारागिरांतल्या एकानं हसून विचारलं, ये क्या कर रहे हो जॉबरसाब. मनोजनं त्यालाच अडाणी ठरवलं.

मित्रांनो, मी वाऱ्यानं गार होते. रस्त्यावर पळते तेव्हा समोरून वारा येतो आणि इंजिनाच्या पात्यांतून उष्णता घेऊन जातो. जागच्या जागी कसला वारा? थोड्याच वेळात माझं तेल पाण्यासारखं पातळ झालं. पिस्टन तापून फुगला आणि सिलिंडरला घासायला लागला. ज्या रिंगांनी हळूहळू ओळख करून घ्यायची, त्या सिलिंडरला ओरबाडत सुटल्या. मी ठोठो करत होते, आणि तो चहा पीत म्हणत होता, बघा कशी खुलतेय.

तुळजा त्याचा डबा घेऊन आली तेव्हा तिनं तो बांधलेला दोरा बघितला. शोरूमवाल्यानं उभी चालवू नका म्हणून सांगितलंय, असं ती हळूच म्हणाली. नवी नवरी, चारचौघांत, आणखी किती बोलणार? त्यानं तिला, तू भाकऱ्या थाप, मशिनीतलं मला शिकवू नको, असं सगळ्यांसमोर सुनावलं. कारागीर हसले. ती डबा ठेवून गेली. थोड्या वेळानं मी जाम होऊन बंद पडले. त्याला वाटलं पेट्रोल संपलं. पेट्रोल घातलं, मला जरा थंड होऊ दिलं आणि पुन्हा चालू केलं. उरलेली शिफ्ट त्यानं पुरी करून घेतली. त्या दिवसाचा राग अजून माझ्या अंगात आहे.

पुढं काय होणार ते उघडच होतं. मागून निळा धूर यायला लागला. तेल कमी व्हायला लागलं. कशेळीच्या पुलावर ट्रकच्या मागं मी धापा टाकू लागले आणि मागचे टेंपोवाले भोंगे मारून मनोजला शिव्या घालू लागले. शेलार नाक्यावर पोरं म्हणायची, मच्छर मारायची गाडी आली. त्याचा अपमान झाला. तो अपमान घरी घेऊन आला आणि तुळजाच्या अंगावर टाकला.

"तुझ्या बापानं खोटा माल दिलाय," तो म्हणाला. "त्याला सांग, दुसरी गाडी दे. तवर तू तिकडंच रहा."

ठकुबाई चुलीपाशी बसून म्हणाली की आमची फसवणूक झाली. झालं. लग्नाची हळद पुरती उतरली नव्हती, आणि तुळजाचा संसार माझ्या सायलेन्सरच्या धुरावर येऊन ठेपला. मला बोलता आलं असतं तर एका वाक्यात सगळं सांगितलं असतं. पण धूर काढण्यापलीकडं माझ्याकडून काही होण्यासारखं नव्हतं.

ठकुबाईच्या ओट्यावर बैठक बसली. अनंता गावातल्या दोन जाणत्यांना घेऊन आला. टोपी हातात, मान खाली. काही बोलणं व्हायच्या आतच त्यानं सांगून टाकलं की कसंही करून दुसरी गाडी आणतो, पण पोरीला माघारी पाठवू नका. मला त्याचाही राग आला. अरे, दोष कोणाचा ते तरी विचार. पण मुलीचा बाप म्हटलं की माणसं आधी वाकतात आणि मग ऐकतात.

माल खोटा होता हे सगळ्यांना दिसावं, म्हणून मनोजनं नाक्यावरच्या गॅरेजवाल्या रघूला बोलावलं होतं. रघूला या भानगडीत पडायचं नव्हतं. पुन्हा पुन्हा म्हणत होता, माझं गिऱ्हाईक दोन्हीकडं आहे, मला मधे घेऊ नका. तरी त्याला बसवलं. त्यानं अंगणात गोणपाट अंथरलं, माझं डोकं उतरवलं, सिलिंडर ओढून काढला आणि पिस्टन सगळ्यांसमोर धरला. त्याच्या अंगावर उभे काळे ओरखडे होते. कोऱ्या गाडीचा पिस्टन असा दिसत नाही, हे ओट्यावरच्या म्हाताऱ्यांनाही कळलं. रघूनं सहज विचारलं, सुरुवातीला चालवली कशी?

मनोज छाती पुढं काढून म्हणाला, "मी काय अडाणी हाय काय? रोडवर न्यायच्या अगोदर शिफ्टभर स्टँडवर मोकळी चालवली. रेस सुतानं बांधून. नवा लूम कसा करतो आपण, तशीच. येवढी काळजी कोण घेतो?"

रघूनं पिस्टन गोणपाटावर ठेवला आणि हात पुसले.

"हिला वारा लागतो रे मनोज," तो म्हणाला. "तू हिला भाजलीस."

खरं सांगते, माझे तुकडे तुकडे होऊन पडले होते, तरी त्या क्षणी मला बरं वाटलं. त्याला कुणी पकडलं नाही. तो स्वतःच्या तोंडानं, अभिमानानं सांगून मोकळा झाला. ठकुबाई मात्र हुशार. लगेच म्हणाली, झालं गेलं गंगेला मिळालं, तुळजा, आत जा नि चहा टाक. अनंताचा जीव भांड्यात पडला. तोही म्हणाला, जा बाळा. तुळजा जागची हलली नाही. तिनं सांगितलं की आधी गाडी दुरुस्त होऊ दे. मग मनोजनं ती आमच्या गावापर्यंत हळू आणावी, हळू न्यावी, पाचशे किलोमीटर होईपर्यंत. आणि ज्या दिवशी ते होईल, त्या दिवशी, बापानं खोटा माल दिला असं जे म्हणाले होते, ते शब्द बाबांसमोर मागं घ्यावेत. मग मी येते. एवढं बोलून ती बापाबरोबर निघाली. ठकुबाईनं पुष्कळ बोटं मोडली.

रघूनं माझं रिबोअर केलं. सिलिंडर कापून मोठा केला, नवा पिस्टन, नव्या रिंगा घातल्या. म्हणजे पुन्हा तीच अनोळखी खरखर आणि पुन्हा तेच पाचशे किलोमीटर. यावेळी मनोजनं खरोखर नीट चालवलं. सकाळी किक मारल्यावर अर्धा मिनिट थांबायचा, मग निघायचा. वेग तीस, पस्तीस, चाळीस, पुन्हा तीस. अनगावच्या पुढच्या चढाला खालचा गिअर टाकायचा. मागं कुणाला बसवायचा नाही. वाटेत झाडाखाली मला थांबवून थंड करायचा. सायकलवाले पुढं जायचे आणि मागं वळून हसायचे, तरी तो रेस पिळायचा नाही, फक्त दात खायचा. तेल बदललं तेव्हा त्यात लोखंडाची पूड चमकत होती. माझा आवाज एकसारखा झाला. धूर गेला. मला वाटायला लागलं की माणूस सुधारतोय. मूर्ख मी.

अनंताच्या दारात तो यायचा, पाणी प्यायचा, खळ्यात बसायचा. अनंताशी एक शब्द नाही. तुळजा बाहेर यायची, माझ्या मीटरचा आकडा बघायची आणि आत जायची. तिला सासरी जायचं होतं. मित्रांनो, हे लक्षात घ्या. ती सूड उगवत नव्हती. मीटर बघताना तिच्या चेहऱ्यावर काय असायचं ते मी रोज अगदी जवळून बघत होते.

शेवटच्या दिवशी मनोज इस्त्रीचा शर्ट घालून आला. तुळजाची पिशवी भरून ओट्यावर तयार होती. तो म्हणाला, पाचशे झाले, चल. तिनं सांगितलं की बाबा आहेत, त्यांच्याशी बोलून घ्या. अनंता घाईघाईनं बाहेर आला आणि राहू दे, राहू दे, जावईबापू, असं म्हणायला लागला. मनोज त्याच्याकडं बघेना. तो माझ्याकडं वळला, मला मेन स्टँडवर घेतलं, किक मारली आणि रेस पूर्ण पिळली. उभ्या गाडीला. हातात असेल नसेल तेवढा जोर लावून. कोंबड्या उडाल्या, शेजारची माणसं दारात आली. माझ्या आवाजावर आवाज चढवून तो ओरडला, "बघ, धूर हाय काय? झाली ना चांगली? मग आता माफी कसली मागायची?"

तुळजा चालत आली. तिनं माझी चावी फिरवली, काढली आणि मुठीत धरली. एकदम शांत झालं.

"चावी इथं राहील," ती म्हणाली. "तुम्ही फाट्यावरनं टमटमनं जा."

मनोजनं अनंताकडं बघितलं. हा म्हातारा मधे पडेल, पोरीला दटावेल, आपली समजूत घालेल, अशी त्याला खात्री होती. अनंतानं वाकून ओट्यावरची पिशवी उचलली आणि घरात नेऊन ठेवली. मनोज गेला. इस्त्रीच्या शर्टात, धुळीतून, फाट्यापर्यंत पायी.

मी तेव्हापासून इथंच आहे. आधी तुळजा मला चालवायला शिकली, मग तिनं बापाला शिकवलं. आता अनंता माझ्यावर बसून पूर्ण्याला जातो. मी तेल पीत नाही, धूर काढत नाही. तुम्हाला कधी कोरी गाडी मिळाली, तर पहिले पाचशे किलोमीटर तिला हळू चालवा आणि उभी करून पिळू नका. एवढंही जमत नसेल, तर मित्रांनो, चालत जा.