सहा पेले मैदा

मित्रांनो, मी एक जुना पितळी पेला आहे. तुम्ही म्हणाल, पेल्याची कसली आली कहाणी? पाणी भरायचं, पाणी प्यायचं, संपलं. पण आयुष्यातली पाच वर्षं मी दुसऱ्या पेल्याच्या पोटात अडकून काढली आहेत, तेव्हा दोन शब्द बोलायचा हक्क मला आहे.

एका म्हाताऱ्या तांबटानं मला घडवलं. त्याची नजर अधू झाली होती, म्हणून मी इतरांपेक्षा जरा बुटका निघालो. दुकानात कितीतरी दिवस कुणी मला विचारलं नाही. शेवटी नुकतीच लग्न झालेली एक बाई आली आणि स्वस्तात मिळतोय म्हणून मला घेऊन गेली. त्या वर्षी नाताळच्या सकाळी तिला मैदा मोजायला दुसरं काही सापडेना, म्हणून तिनं मला उचललं. चार अंडी, एक बाटली दूध आणि माझे सहा पेले मैदा. त्यात मनुका आणि संत्र्याची साल. पाव असा फुगला की भट्टीचं दार उघडताच घरातल्यांची बोलती बंद झाली.

तेव्हापासून त्या घरात नाताळच्या न्याहारीला मनुकांचा पाव, वर लोणी आणि बाजूला उकडलेलं अंडं, हे ठरूनच गेलं. वरच्या मजल्यावर त्या सकाळी लोण्यात अंडी तळायचे, समोरच्या घरात पॅनकेक व्हायचे, खालचा पोस्टमन आदल्या दिवशीचा केक चहात बुडवून खायचा. ज्याची त्याची आवड. पण जिन्यातून जाणारा प्रत्येक जण आमच्याच दाराशी रेंगाळायचा. पाव कापताना बाई मला टेबलावर मधोमध ठेवायची आणि म्हणायची, "सगळी याची करामत." खोटं कशाला सांगू, मी चांगलाच फुशारलो होतो.

चाळीस वर्षं अशी गेली. बाईचा मुलगा मोठा झाला. त्यानं कुलपं दुरुस्त करायचं दुकान काढलं. मग त्याचं लग्न झालं. सून बर्फाच्या कारखान्यात कामाला होती. तिचा पहिला नाताळ आला तेव्हा बाईनं पाव केला आणि सगळ्यांनी ताव मारला. न्याहारी झाल्यावर नव्या बायकोवर छाप पाडायला हा कुलूपवाला बाह्या सरसावून उठला. "आज भांडी मी घासतो," म्हणाला. जन्मात कधी बशी विसळली नव्हती, पण हौसेला मोल नाही. त्यानं मला घासलं आणि ओला तसाच एका स्टीलच्या पेल्यात दाबून बसवलं. खट् आवाज झाला आणि मी अडकलो.

त्यानं ओढलं, पिळलं, साबण लावला. मग पक्कड आणली, मग हातोडी. माझा काठ तेवढा बाहेर होता, त्याच्याखाली एक सणसणीत घाव बसला आणि पोचा पडला. शहरभरची कुलपं उघडणारा हा बाबा, त्याला एक पेला उघडता येईना! आईनं जिवापाड जपलेल्या पेल्याची आपण काय दशा केली ते बघून तो घाबरला. दुकानातलं तेलकट फडकं आणून त्यानं आम्हा दोघांना गुंडाळलं आणि मोरीच्या ओट्याखालच्या कपाटात, जुन्या किल्ल्यांच्या डब्यामागं लपवलं. कपाटाचं दार बंद झालं.

मित्रांनो, अडकणं म्हणजे काय ते मी तेव्हा शिकलो. अंग हलवायला जागा नाही. भोवती ओल, तेलाचा वास आणि मिट्ट काळोख. तो स्टीलचा पेला मुलखाचा अबोल. इतके चिकटलेलो आम्ही, पण पाच वर्षांत त्यानं मला "कसा आहेस" म्हणून विचारलं नाही. त्याचा तरी काय दोष? घशात कुणी अडकलं असताना बोलणार कसा?

घरानं मला चार दिवस शोधलं. कचऱ्यात गेला असेल, म्हणाले. बाईनं बाजारातून प्लॅस्टिकचा नवा पेला आणला. पुढं पाहिला तेव्हा कळलं, दिसायला गोंडस, पण माझ्याहून चांगला मोठा. पुढच्या नाताळपर्यंत बाईची मनगटं दुखायला लागली होती, म्हणून पावाचं काम सुनेकडं आलं. बाई शेजारी स्टुलावर बसून मोजत होती.

"आई, पीठ फार घट्ट वाटतंय," सुनेचा आवाज मला ऐकू आला. "एक पेला कमी घेऊ का?"

"आपल्या घरी सहा म्हणजे सहा," बाई म्हणाली.

अहो, ते सहा माझे! मी आतल्या आत टाहो फोडला, पण पितळेला कुठलं तोंड? पाव विटेसारखा झाला. बाईनं एक घास चावला आणि बशी बाजूला सारली. "दिवसभर बर्फ हाताळणारी बोटं. यीस्टला ऊब कुठून मिळणार?" ती म्हणाली.  नंतर सून भांडी घासायला मोरीशी आली. माझ्या दारापुढंच तिची पावलं थांबली. ती रडत होती, आणि ते फक्त मला आणि त्या मुक्या स्टीलला माहीत होतं.

असे चार नाताळ गेले. बाहेर अंडी तळल्याचा वास आला की मी ओळखायचो, आज तो दिवस. मग आमच्या भट्टीचा वास, मग बाईचं तेच बोलणं. सून गरम पाण्यात हात बुडवून मग पीठ मळायला लागली होती, बिचारी. सगळ्यात जास्त चीड यायची ती कुलूपवाल्याची. तो मुकाट्यानं तो दगड चावायचा आणि म्हणायचा, "चांगला झालाय की." एका शब्दानं त्याला बायकोला सोडवता आलं असतं. तो शब्द काही त्याच्या तोंडून फुटला नाही.

पाचव्या वर्षी बाईनं जाहीर केलं, "यंदा पाव बेकरीतून आणा. सणाच्या दिवशी माझ्यानं हे खाववत नाही."

"एकदाच करू द्या, आई," सून म्हणाली. "नाही जमला तर पुन्हा पिठाला हात लावणार नाही."

"बरं. पण हे शेवटचं."

आणि बघा, देव कुणाच्या रूपानं येतो सांगता येत नाही. आमच्याकडं तो गळक्या नळाच्या रूपानं आला. नाताळच्या दोन दिवस आधी मोरीखालचा पाइप ठिबकू लागला. नवरा दुकानात गेलेला, बाई चर्चमध्ये. सुनेनं कपाट रिकामं करायला घेतलं. किल्ल्यांचा डबा हलला आणि पाच वर्षांनी माझ्यावर उजेड पडला.

तिनं फडकं सोडलं. मला ओळखलं. काठाखालच्या पोच्यावरून बोट फिरवलं. मग तिनं ते फडकं नाकाशी धरलं आणि कुलपांच्या तेलाचा वास येताच ती खाली फरशीवरच बसली. 

मग ती उठली. बर्फाच्या कारखान्यात पत्र्याच्या साच्यातून लादी निघत नसेल, तर साचा कोमट पाण्यात बुडवतात आणि लादी सुळकन सुटते. हे काम ती रोज करत होती. तिनं माझ्या पोटात बर्फ भरला आणि स्टीलच्या पेल्याला गरम पाण्यात उभं केलं. मी आकसलो, तो पसरला. एक हलका पीळ दिला आणि मी बाहेर! पाच वर्षांपूर्वी जे हातोडीला जमलं नव्हतं, ते त्या गारठलेल्या बोटांनी दोन मिनिटांत केलं.

नाताळच्या दिवशी ती पहाटेच उठली. बाई जागी व्हायच्या आत पीठ मळून झालं होतं. नऊ वाजता तिघं टेबलाशी बसली. बाईनं पहिला तुकडा तोडला. मऊ, लुसलुशीत, आतून वाफ निघत होती. तिनं दुसरा घास घेतला.

"आज काय केलंस गं?"

सून उठली आणि तिनं मला आणून टेबलावर मधोमध ठेवलं. कुलूपवाल्याच्या हातातली लोण्याची सुरी थांबली.

"किल्ल्यांच्या डब्यामागं सापडला," सून म्हणाली. "यांच्या दुकानातल्या फडक्यात."

"मी अडकवला होता, आई," तो चहाकडं बघत म्हणाला. "हिच्या पहिल्या नाताळला. भांडी घासताना."

"आणि पाच वर्षं तोंडाला कुलूप लावून बसलास?"

"आधी तू रागावशील म्हणून गप्प बसलो. मग हिला कळेल म्हणून. मग सांगायला तोंडच राहिलं नाही."

"पेला अडकला त्याचं मला काही नाही," सून त्याला म्हणाली.  "पण आई मला बोलायच्या तेव्हा तुम्ही खाली बघायचात. मला वाटायचं, तुम्हालाही माझी लाज वाटते."

 बाईनं मला उचललं. तिचा अंगठा पोच्यात रुतला.

"हा आता कमी धरत असणार," ती म्हणाली. "सहात भागलं नसेल."

"नाही भागलं. वर दोन मुठी टाकल्या."

"दोनच का?"

"पीठ बोटांना चिकटत होतं. सुटेपर्यंत टाकलं."

बाईनं मला खाली ठेवलं. "चाळीस वर्षं मी नुसते पेले मोजले," ती म्हणाली. "पीठ हाताला काय सांगतं, ते मला आजही कळत नाही. तू पहिल्याच वर्षी सांगत होतीस, घट्ट झालंय म्हणून. मी ऐकलं नाही. चुकलं माझं, पोरी." मग तिनं बशी पुढं केली. "दे अजून एक तुकडा."

खरं सांगू, मित्रांनो? मी जरा हिरमुसलो. पाच वर्षं काळोखात मी एकच आस धरली होती, की मी सुटलो की सगळं ठीक होईल. आणि सुटल्यावर कळलं, त्या पावाला माझी गरजच नव्हती. सुनेचं कुणी ऐकलं असतं, तर प्लॅस्टिकच्या पेल्यानंही तो तसाच फुगला असता.

आता मी खिडकीत असतो. माझ्यात चहाचे चमचे ठेवतात. नाताळची न्याहारी झाली की कुलूपवाला आपण होऊन भांडी घासतो, एकेक पुसतो आणि वेगवेगळं पालथं घालतो. बायको शेजारी उभी राहून बघते. ती त्याच्याशी पहिल्यासारखी बोलायला लागली, पण त्यालाही बरेच महिने गेले.

तेव्हा माझं एवढंच मागणं आहे. ओली भांडी एकात एक घालू नका. आणि कधी घातलीत, अडकली, तर लपवू नका. ज्याचं त्याला त्याच दिवशी सांगून टाका. रागावतील, दोन शब्द बोलतील. पण तुमच्या जागी दुसरं कुणी अडकून राहणार नाही.