दम कोंडला तो बरा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे आणि माझा चटकन कोणावर विश्वास बसत नाही. पावसावर तर नाहीच, पण पाऊस निदान समोरून येतो. मला खरा धसका आहे तो उबदार खोल्यांचा आणि "या, या, आत या" म्हणणाऱ्या प्रेमळ माणसांचा.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी असा नव्हतो. एका फोटोग्राफर बाईंनी मला घेतलं आणि गळ्यात घालून डोंगरोडोंगर हिंडवलं. माझं फार कौतुक होई. मग एका हिवाळ्यात आम्ही बर्फातून थेट शेगडी पेटलेल्या खानावळीत शिरलो. माझ्या काचेवर धुकं धरलं. बाईंनी ते पुसलं आणि निर्धास्त झाल्या. आतलं कोण पुसणार? माझी बटणं भलतंच काही करू लागली. दुरुस्तीवाल्याने मला उघडलं आणि म्हणाला, "आत पाणी गेलंय."

"पण मी ह्याला भिजू दिलंच नाही," बाई म्हणाल्या.

"हवेतलं पाणी आहे ते. गार वस्तू दमट उबेत आली की तिला घाम फुटतो."

त्याने मला दुरुस्त केलं, तरी त्यानंतर मी बरेच दिवस कपाटात पडून होतो. संशयाची सवय तिथेच जडली.

म्हणूनच गेल्या हिवाळ्यात आपल्या आत्याच्या दाराबाहेर बाईंनी मला पारदर्शक पिशवीत घातलं, तेव्हा मी ओळखलं, आपला काटा काढणार. सोबत ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या टाकल्या, हवा दाबून काढली, तोंड घट्ट बंद केलं. माझा दम कोंडला. पुड्यांवर 'खाऊ नये' असं लिहिलं होतं. असले हे सोबती!

बाईंना ह्या आत्यानेच वाढवलेलं. पण घरात तिचा एकही फोटो नव्हता. एका लग्नात कुणीतरी तोंडात घास असताना तिचा फोटो काढला आणि तो साऱ्या नात्यात फिरला. तेव्हापासून कॅमेरा दिसला की ती उठून जाई. आज कशीबशी कबूल झाली होती, तीही एकदाच. ही संधी हुकली तर पुन्हा मिळणार नव्हती.

"काढ तुझं यंत्र," आत्या खुर्चीत सावरून बसली. शेजारी किटली वाफ सोडत होती. मी त्या किटलीवर नजर ठेवून होतो.

"थोडा दम धर ना, आत्या. त्याला खोलीची ऊब लागू दे."

"पिशवीत कशाला कोंडलंयस? मला नकोत ही थेरं." आत्या उठायला लागली. बाईंचा चेहरा उतरला.

तेवढ्यात आत्याने पिशवीकडे नीट पाहिलं. ती बाहेरून थेंबांनी भरली होती. आत्याने ती उचलली, रुमालाने पुसली, निरखून पाहिली. आत मी ठणठणीत कोरडा होतो.

"हे सगळं ह्याच्या पोटात गेलं असतं होय?"

"मागच्या वेळी गेलं होतं."

"मग राहू दे त्याला आत. मी कुठे पळून जातेय?" असं म्हणून आत्याने किटली लांब नेऊन ठेवली आणि परत येऊन बसली.

पिशवी हाताला गार लागेनाशी झाली, तेव्हाच बाईंनी मला बाहेर काढलं. आत्याने माझ्याकडे संशयाने पाहिलं, मी तिच्याकडे. बाईंनी नेमकं तेव्हाच बटण दाबलं. त्या फोटोत आत्या हसत नाहीये, पण नजर अगदी तिची आहे. तो आता बाईंच्या टेबलावर असतो.

तेव्हा मित्रांनो, थंडीतून आत आलेल्या कॅमेऱ्याची घाई करू नका. पिशवीत त्याचा दम कोंडला तर कोंडू दे. तुम्ही तेवढा दम धरा.