ग्लायकॉनचे गाणे

"सिंह कुठून आणलास रे, झोटिकस? गेल्या साली बिबळ्या होता!"

कबरीभोवती बसलेल्या मंडळींत हशा पिकला. अम्मियाआजीच्या जिभेला हाड नव्हते, आणि तिच्या लेकाच्या कथेत तिला कोण गप्प बसवणार?

आजीच्या ग्लायकॉनला रोमनांनी ख्रिस्ताचा म्हणून धरून थुआतीरा शहराच्या आखाड्यात जनावरापुढे टाकले, त्याला आता जमाना लोटला. दरसाल त्या दिवशी ख्रिस्ताची माणसे त्याच्या कबरीपाशी भाकरी, मासे, द्राक्षारस घेऊन जमत, कथा सांगत. जनावर दरसाल वीतभर वाढे. खरे तर ते एक म्हातारे अस्वल होते. भाल्याने टोचटोचून उठवावे लागले होते त्याला.

जनावर वाढेना का! आजीला सोसवेना ते गाणे. कथेतला ग्लायकॉन शेवटपर्यंत गात होता. खऱ्या ग्लायकॉनने एकच हाक मारली होती, "आई!" आणि आजीला ओ देता आली नव्हती, तिलाही धरतील म्हणून शेजारणीने तिचे तोंड दाबून ठेवले होते. आपल्यामागे ती हाक कुणाला ठाऊक राहणार? यंदा सांगायचीच, असे तिने लोकर रंगवता रंगवता ठरवले होते.

"आता मी सांगते. गाणंबिणं नव्हतं रे. त्यानं…"

"आजी विसरल्या!" झोटिकस हसला. "थांबा, पहिली ओळ मी देतो."

त्याने सूर लावला आणि सगळ्यांनी उचलून धरला. ग्लायकॉननंतर जन्मलेल्यांनासुद्धा तोंडपाठ! आजी मधोमध बसून राहिली.

गाणे संपले तशी त्रिफैना तिच्याजवळ सरकली. त्रिफैनाचा नवराही ख्रिस्ताचा म्हणूनच परवापासून तुरुंगात होता.

"आजी, संध्याकाळी ह्यांना भाकरी द्यायला जायचंय. हे सारखं विचारतात, ग्लायकॉन घाबरला नव्हता ना? तुम्ही आई त्याची. काय सांगू?"

आजीने त्रिफैनाच्या हातातली ती फडक्यात बांधलेली भाकरी पाहिली.

"गात होता म्हणावं, पोरी. शेवटपर्यंत." मग तिने दोन्ही हात पसरले. "आणि सिंह? अगं, हा एवढा!"

मंडळी पांगली. आजीने तळाशी उरलेला द्राक्षारस मेलेल्याला घोट पोचावा म्हणून कबरीत सोडलेल्या मातीच्या नळीत ओतला. रंगाने लाल झालेले हात टेकून ती वाकली आणि नळीला तोंड लावले.

"ओ, बाळा," ती म्हणाली. "ओ."