पुलावरचा श्वास

लीचूनं कौल लावायला टाकलेले दोन्ही अर्धचंद्राकृती लाकडी ठोकळे फरशीवर पालथे पडले. एक उताणा नि एक पालथा पडला तर गेलेला माणूस 'होय' म्हणतो, दोन्ही पालथे म्हणजे 'नाही'. तिनं विचारलं होतं, "आलास का घरी?" आणि उत्तर तिसऱ्यांदा 'नाही' आलं होतं.

समोर तिच्या नवऱ्याचा, थिएनफूचा फोटो होता, कुणाच्या तरी लग्नात माइक हातात धरून गाताना काढलेला. दुसरा धड फोटोच सापडेना. बाकी सगळ्यांत तो जीभ तरी काढून होता, नाहीतर डोक्यावर टोपली घालून. फोटोपुढे त्याच्या नावाची लाकडी पाटी ठेवली होती. सकाळी त्याचं दहन झालं, राख डोंगरावरच्या मनोऱ्यात ठेवली, आणि पुतण्या बोहाननं ही पाटी काळ्या छत्रीखाली धरून घरी आणली. पाटीबरोबर माणूस घरी येतो. पण पाटी आली आणि माणूस काही आला नव्हता.

लीचू खुर्चीवर बसली. दमली होती. आजचंच दमणं नव्हे ते. अर्धांगवायूनं पडलेल्या नवऱ्याला दोन वर्षं कुशीवर वळवून, पेज भरवून, पुसून, ती पार पिळून निघाली होती. सकाळी विधीवाले म्हणाले, "बायको पोचवायला जात नाही. पुन्हा लग्न करणार नसेल तरच जाते." एरवी ती म्हणाली असती, "सहासष्टाव्या वर्षी कोण घालतंय मला मागणी?" पण आज तिनं मुकाट्यानं मान डोलावली आणि घरी राहिली. खरं सांगायचं तर तिला बरंच वाटलं. गुडघे दुखत होते.

आणि आता तो येत नव्हता. का येत नव्हता, ते तिला ठाऊक होतं. महिन्यापूर्वी एका पहाटे चौथ्यांदा चादर बदलताना तिच्या तोंडून निघून गेलं होतं, "जा की रे एकदाचा." त्याचे डोळे उघडे होते. बोलता येत नव्हतं त्याला, पण कान शाबूत होते.

"बोहान," ती म्हणाली, "वाटेत सगळे पूल सांगितलेस ना त्याला?"

पूल आला की पाटी धरणाऱ्यानं मोठ्यानं सांगायचं असतं, नाहीतर आत्मा पाण्याच्या पलीकडेच राहतो. शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. पस्तीस वर्षांचा, बँकेत साहेब असलेला बोहान मात्र मान खाली घालून बसला.

"पहिले दोन सांगितले, काकू."

"आणि नदीवरचा?"

"तिथं..." त्यानं कपाळ चोळलं. "तिथं मी श्वास धरला."

लीचू त्याच्याकडे बघतच राहिली.

"सवय आहे गं. काकाच्या स्कूटरवर तो पूल लागला की श्वास धरायचा. आधी सोडेल तो हरला, त्यानं बर्फाचा गोळा द्यायचा. पूल लागला नि माझं तोंड आपोआप मिटलं. पलीकडे उतरल्यावर आठवलं, की आज ओरडायचं होतं."

"गाढवा!" लीचू म्हणाली. "एवढा घोडा झालास!"

"हो, काकू."

स्कूटर दुरुस्तीचं दुकान बंद ठेवून हा माणूस दर रविवारी पुतण्याला घेऊन नदीपार जायचा, आणि दर रविवारी हरायचा. मधोमध आला की त्याला हसूच फुटायचं. लीचू एकदाही गेली नव्हती. "तुमचे चाळे तुम्हालाच लखलाभ," म्हणायची. मग संध्याकाळी तो तिच्यासाठी गोळा घेऊन यायचा, म्हणजे पिशवीत गोड पाणी आणायचा आणि म्हणायचा, "पी, पी, तुझ्यासाठी वितळवून आणलाय." स्वतःचं मूल नसल्याचं दुःख त्यानं तिला कधी जाणवू दिलं नाही, हेही खरंच.

पण बोहानच्या चुकीवर तिचा जीव धड विसावेना. चूक झाली म्हणून तो थांबला, की तिचं बोलणं मनाला लागलं म्हणून? ती उठली. गुडघे कटकटले.

"गाडी काढ. पाटी घे, ठोकळे घे, छत्री घे."

"काकू, तू झोप. मी एकटा जातो."

"मी सकाळी गेले नाही. आता जाते."

दुपारचं ऊन रणरणत होतं. पूल ओलांडून पलीकडे त्यांनी गाडी कडेला घेतली. बोहाननं तिच्या डोक्यावर नि पाटीवर छत्री धरली. ट्रक धुरळा उडवत जात होते. लीचूनं उदबत्ती पेटवली, ती गवतात खोचली आणि वाकून पाटीशी बोलली.

"म्हाताऱ्या, मी तुला जा म्हटलं. दमले होते रे. तू जावंस असं वाटत होतं, आणि नव्हतंही वाटत. रागावलायस माझ्यावर?"

तिनं ठोकळे टाकले. दोन्ही उताणे. दोन्ही उताणे म्हणजे 'होय'ही नाही नि 'नाही'ही नाही. पलीकडचा नुसता हसतोय.

तिनं पुन्हा टाकले. उताणे. तिसऱ्यांदाही उताणेच.

"मी इथं उन्हात मरतेय," लीचू ओरडली, "आणि तुला हसू येतंय?"

"काकू," बोहान हळूच म्हणाला, "घरी येतो का ते विचार."

तिनं विचारलं. एक उताणा पडला, एक पालथा.

ठोकळे पुसून तिनं खिशात टाकले आणि पाटी मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसली. छत्री तिनंच धरली. गाडी पुलाला लागली तशी बोहाननं काच खाली केली आणि घसा फाडून ओरडला, "काका, पूल आलाय! चल आमच्याबरोबर, पूल ओलांड!"

तो ओरडतच राहिला. लीचूनं तोंड मिटलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या पुलावर श्वास धरला. खांब मागं पडत गेले. छाती दुखायला लागली तरी तिनं सोडला नाही. पण पुलाच्या मधोमध, जिथं तो दर रविवारी हरायचा तिथंच, तिचाही श्वास सुटला, आणि दोन वर्षं अडवून धरलेलं रडू त्याच्याबरोबर बाहेर आलं.

"हरले बाबा," ती पाटीला म्हणाली. "चल आता घरी. मला झोपायचंय."