हवेवर गाणारी पेटी

या मित्रांनो, जरा जवळ सरकून बसा. माझा आवाज आता पूर्वीसारखा मागपर्यंत पोचत नाही. गोष्ट हवेची आहे, आणि ती सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

मी एक जुनी बाजाची पेटी आहे. एका सुताराने माझं लाकडी अंग घडवलं, पोटात पितळेच्या पातळ पट्ट्या बसवल्या आणि पाठीला भाता लावला. भाता हलला की मी हवा आत ओढते, ती पट्ट्यांवरून जाते आणि सूर निघतो. मला ना भूक ना तहान, मी जगते ती निव्वळ हवेवर. पहिली कित्येक वर्षं मी कीर्तनांना साथ केली. बुवा गात गात देवाच्या गोष्टी सांगत, आणि त्यांचा गळा थकला की मी सांभाळून घेई. जाताना लोक माझ्या झाकणावरून मायेने हात फिरवत.

पुढे मी गाण्याच्या बाईंकडे आले. बाई मायाळू, पण स्वच्छतेचं त्यांना भारी वेड. मुलं येण्याआधी त्या अंगण झाडायच्या, वाळका पाला, कागदी पेले, दुधाच्या रिकाम्या पिशव्या यांचा ढीग भिंतीशी लावायच्या आणि काडी ओढायच्या. अंगण लख्ख. आणि धूर? तो खिडकीतून येऊन मुलांच्या आधीच सतरंजीवर बसलेला असायचा. वास आला की बाई सुगंधी फवारा मारायच्या. म्हणजे आता खोलीत धूरही आणि फवाराही. कपाळ बडवून घ्यावं म्हटलं तर मला कपाळच नाही.

वर्गात सगळ्यांत लहान टिल्ली. देवाने तिला गळा देताना हात आखडता घेतला नव्हता. वार्षिक कार्यक्रमात पहिली प्रार्थना तिने म्हणायची ठरलं होतं. पण दुसऱ्याच ओळीला तिला खोकला येई आणि छातीत शिट्टी वाजे.

"घरी सराव करतेस की नुसती हुंदडतेस?" बाई विचारत.

"करते बाई. घरी सगळी म्हणता येते."

"घरी येते आणि इथे अडते होय? इथे मी काय तुझा गळा धरते?"

मुलं हसत. टिल्लीही हसे, आणि मग पुन्हा खोके. अहो, घरी गाते आणि इथेच अडते, एवढं तरी जुळवून बघा, असं मला ओरडावंसं वाटे. पण कोणी बोटं ठेवल्याशिवाय मला आवाज नाही, आणि बोटं तर बाईंचीच.

मग माझेही दोन सूर बसले. दुरुस्तीवाले काका आले. त्यांनी मला उघडून पट्ट्यांवरून पांढरं फडकं फिरवलं. ते काळं झालं.

"बाई, पेटी चुलीजवळ ठेवता की काय?"

"छे हो. अंगणात जरा पाला जाळते, तेवढंच."

"मग तेच. जपा हिला."

वाटलं, सुटलो एकदाचे. बाईंनी जपलं, पण मला. जाड कापडाची, दुहेरी अस्तराची गवसणी शिवली. ढीग पेटला की मला ती घालायच्या आणि विझला की काढायच्या. मुलं तशीच धुरात बसलेली. हसू नका मित्रांनो, मी आतल्या आत धुमसत होते.

कार्यक्रम तोंडावर आला आणि टिल्ली यायची थांबली. तिची आई सांगायला आली, ती दारातच उभी राहिली.

"काल तिला दवाखान्यात न्यावं लागलं. श्वासच घेता येईना. डॉक्टर म्हणाले, हिला धुरापासून लांब ठेवा." तिने अंगणातल्या ढिगाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पेटीला छान गवसणी शिवलीत बाई. माझ्या पोरीला काय शिवू?"

बाईंच्या हातात काडेपेटी होती. त्यांनी ती उघडली नाही.

आता पाला कोपऱ्यातल्या खड्ड्यात जातो, त्याचं खत होतं. पिशव्या कचरागाडीत जातात. बाई शेजाऱ्यांनाही सांगून आल्या. तर ते म्हणतात, "एवढ्याशा धुराने काय होतंय बाई? जातो वाऱ्यावर उडून."

उडून जातो कुठे? कोणाच्या तरी खिडकीत. लहान मुलं मोठ्यांपेक्षा भराभर श्वास घेतात, म्हणून त्यांच्या छातीत धूरही जास्त जातो. देवाने हवा वाटताना आपलं-परकं पाहिलं नाही. माणसं मात्र आपलं अंगण तेवढं बघतात.

भिंतीपलीकडून अजून धूर येतो. आला की बाई खिडकी लावून मुलांना घाईघाईने मागच्या खोलीत नेतात, आणि मी उघडीच राहते. माझे सूर पुन्हा बसतील. बसू देत.

कार्यक्रम झाला. प्रार्थना दुसऱ्या मुलीने म्हटली. टिल्ली अजून आलेली नाही. तुमच्या गल्लीत कोणी ढिगाला काडी लावायला निघालं, तर घरच्या मोठ्यांना बोलवा आणि त्यांना थांबवायला सांगा. आणि कधी मोकळ्या हवेत गाणं म्हणाल, तेव्हा आमच्या टिल्लीची आठवण ठेवा. तिची प्रार्थना म्हणायची राहिली आहे.