फुगलेल्या फळ्या

नूर मोहम्मदला एकदा संशय आला की आला. मग त्याला समजवायला जाणं म्हणजे स्वतःचंच डोकं फोडून घेणं. या खेपेला निमित्त झालं सागवानी फळ्यांचं. खाली त्याचा लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना, वर घर. दिवाळीनंतर त्या घराच्या तुळयांवर फळ्या बसवल्या खालिदनं. खालिद म्हणजे काल्हेरचा लाकूडवाला, नूर मोहम्मदच्या पोरीचा, मदीहाचा, होणारा नवरा. थंडी पडली आणि फळ्यांच्या कडा उचलल्या, चालताना ठेच लागायला लागली.

“ओलं लाकूड गळ्यात मारलं!” नूर मोहम्मद बायकोवर, सईदावर, ओरडला. “पावसाचा टिपूस नाही, मग फळ्या फुगतात कशा? सासऱ्याला फसवतो, तो पोरीला काय सुखात ठेवणार?”

खालिद येऊन गुडघ्यावर बसून बघून गेला. “चाचा, लाकूड ओलं असतं तर सुकून फटी पडल्या असत्या. याला दमट हवा लागतेय. खालच्या खिडक्या उघडून बघा ना.”

“बघा, कसा विषय बदलतो!” खालिदची पाठ वळताच नूर मोहम्मद म्हणाला. दुसऱ्या दिवशी त्यानं साखरपुड्याची अंगठी परत पाठवली. मदीहा रडून रडून हैराण झाली, पण हा गडी ढिम्म हलला नाही.

आता जमातीच्या चार माणसांपुढे पुरावा ठेवायचा म्हणून त्यानं पहार घातली आणि एक फळी उचकटली. गरम, ओलसर वाफ तोंडावर आली. फळी वरून कोरडी ठणठणीत, खालून ओली. नूर मोहम्मदनं वाकून खाली पाहिलं. कारखान्याच्या सगळ्या खिडक्या बंद, आणि कामगार पंढरी बादलीनं जमिनीवर पाणी मारत होता.

पंढरीनं मान वर केली. “शेठ, आणखी मारू का पाणी? हवा कोरडी हाय. सूत तुटता कामा न्हाय, तुमीच सांगता ना रोज?”

रोज तोच सांगत होता! नूर मोहम्मदनं पहार खाली ठेवली. मागे मदीहा उभी होती.

“खालिदला फोन लाव, बेटा.”

“मी नाही लावणार. अंगठी तुम्ही पाठवलीत, अब्बा. तुम्हीच जा.”

तो जिना उतरला. काल्हेरची वाट धरण्याआधी कारखान्यात शिरला आणि एकेक खिडकी उघडत सुटला.

“शेठ, सूत तुटंल!” पंढरी धावला.

“तुटू दे!” नूर मोहम्मद म्हणाला, आणि त्यानं पुढची खिडकी उघडली.