तीन मीटर

काळ्या पत्र्यावर चिमूटभर बर्फ, आणि भिंगाखाली त्याचे कण — पेल्यासारखे पोकळ, एकमेकांना न धरणारे, साखरेसारखे सुटे… माडलाइनाने नुसता श्वास सोडला तर विखुरले. असल्या थरावर कालपासूनचा हातभर नवा बर्फ बसला होता.

खड्डा तिने उताराच्या पायथ्याशी, सपाटीवर खणला होता. वरचा रुंद उतार ओलांडला की दुरीची उन्हाळी झोपडी. तुळया जुन्या, आज बर्फ ओढून काढला नाही तर छप्पर बसणार, असं तो सकाळपासून म्हणत होता. दुरी तिचा धाकटा दीर. क्लाउ, तिचा नवरा, गेल्यापासून एकोणीस हिवाळे तिच्या सोबत डोंगर चढणारा.

"वहिनी, साखर बघून झाली असेल तर निघू या का?"

"फावडं दे इकडे."

तिने बर्फाचा एक खांब सुटा केला, वर फावड्याचं पातं ठेवलं आणि थापट्या मारल्या. अकराव्या थापटीला वरचा भाग अख्खा सरकून तिच्या मांडीवर आला.

"छप्पर पडलं तर तू बांधून देणार?"

"फळ्या वाहीन. पण वर जायचं नाही."

"कठीण बाई आहेस," असं म्हणत त्याने दोन पावलं पुढे टाकली मात्र — पायाखाली धुम्म झालं, खोल, पोटातून आल्यासारखं, आणि एक बारीक चीर त्याच्या स्कीच्या पट्ट्यांपासून उताराकडे धावत गेली. पडलं काहीच नाही. दोघं जागीच उभी राहिली. मग दुरी खालच्या वाटेला वळला.

उतरताना तिला पुन्हा तेच आठवलं… एकोणीस वर्षांपूर्वी कोसळत्या बर्फाने क्लाउला आणि मला गाडलं, तो पांढरा अंधार, वर कुठे नि खाली कुठे ते न कळणारा, तोंडाशी गोठत जाणारा स्वतःचाच श्वास — आणि मग फावड्याची कड, उजेड, दुरीचा घामाघूम चेहरा. त्यानंतरचं सगळं मला वरकड मिळालेलं. सकाळची कॉफी, जवाचं सूप, लेकीचं बाळंतपण, गुडघ्याची कळसुद्धा… रोज कुणाचे तरी आभार मानावेसे वाटतात, पण कुणाचे? गाडलेल्यांचा ठाव दाखवणाऱ्या यंत्रावर जो जवळचा दिसेल त्याला आधी काढायचं, हा नियम, आणि जवळची मी होते. म्हणजे आभार त्या चार पावलांचे. क्लाउ चार पावलं लांब होता, एवढंच.

लार्चच्या झाडांत शिरल्यावर दुरी थांबला. तिच्याकडे न बघता हातमोजा काढू लागला.

"वहिनी, जवळची तू नव्हतीस."

तिला आधी वाटलं, तो आजच्याबद्दलच बोलतोय.

"पहिला सापडला तो क्लाउ. यंत्र बर्फाला टेकवलं, तर खोलीचा आकडा तीन मीटर. एकट्याने तीन मीटर खणायचं म्हणजे तास. दुसरा आकडा, तुझा, एका मीटरचा होता." तो घुटमळला. "म्हणून उठलो. त्याच्यावरून उठलो मी."

"आज का सांगतोस?"

"मघाशी तो आवाज झाला ना… वाटलं, न सांगताच जाईन."

वरून एका फांदीवरचा बर्फ भुरभुरला. माडलाइनाला राग शोधावासा वाटला. एकोणीस वर्षं हा माणूस दर रविवारी माझ्या टेबलाशी बसून सूप पितो आणि… पण राग हाताला लागेना. दिसत राहिला तो फक्त एक तरुण, उतारावर एकटा, सख्ख्या भावावर गुडघे टेकलेला, आणि मग — उठणारा. तेवढा क्षण. इतकी वर्षं ज्या चार पावलांना ती नमस्कार करत आली ती नव्हतीच. होता एक माणूस, तो उठला होता, आणि त्याचं उठणं अजून संपलेलं नव्हतं.

काहीतरी बोलायला हवं होतं. शब्द जिभेवर होता, साधा, रोज पाववाल्याला म्हणते तोच. पण इथे तो उच्चारला तर क्लाउच्या बाजूने काय म्हणायचं?

"मोजा घाल," ती म्हणाली. "बोटं जातील."

तो मोजा घालू लागला. ती थांबून राहिली, घाई न करता, त्याच्या वाकड्या बोटांकडे बघत — आणि छातीत काहीतरी जड होतं ते तसंच जड राहूनही, पहिल्यांदाच, ऊबदार वाटत होतं.